फ्लॅट भाड्याने घेण्याआधी: अप-डाउन करणाऱ्यांसाठी तयारीची यादी

नोकरी शहरात आणि घर बाहेरच्या गावात, असा बेत असेल तर फ्लॅटच्या आधी रस्ता बघा. सुट्टीच्या दुपारी एजंटच्या गाडीतून स्टेशन खरंच पाच मिनिटांवर असतं. कामाच्या दिवशी सकाळी, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन पायी किती लागतात, हे घड्याळ लावून एकदा चालूनच कळतं. वेळ धरायची ती घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंतची, म्हणजे लिफ्टची आणि गाडीची वाट बघणंही त्यात आलं. जाताना १५ आणि येताना १५ मिनिटं जास्त लागली, तर महिन्याकाठी दहा तास वाटेतच गेले. स्वस्त भाड्याचा आनंद तेवढ्यात ओसरतो. शेवटची गाडी कितीची, हेही विचारून ठेवा.

घर बघायला जाताना मोजपट्टी, फोनचा चार्जर, टिश्यू पेपर आणि थोडा खायचा रंग एवढं खिशात असू द्या. आपल्या फ्रिजची, पलंगाची आणि वॉशिंग मशीनची मापं आधीच लिहून न्या. मशीनच्या मागे पाइपासाठी जागा सोडावी लागते, आणि पलंग खोलीत मावला तरी लिफ्टमध्ये मावेलच असं नाही.

नवी इमारत, चकचकीत टाइल्स आणि बाथरूममध्ये गटाराचा वास! लगेच पाय मागे घेऊ नका. फ्लॅट बरेच दिवस बंद असला की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं पाणी आटून जातं आणि पाइपातला वास वर येतो. मगभर पाणी ओता, खिडकी उघडा, बाकीचं घर बघून परत या. तरीही वास येत असेल तर दुखणं वेगळं आहे. तोवर फ्लशच्या टाकीत रंगाचे चार थेंब टाकून ठेवा; फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय. एक्झॉस्ट फॅनला टिश्यू लावून बघा, चिकटला पाहिजे. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावा. शॉवर आणि किचनचा नळ एकाच वेळी सोडा, पाण्याचा जोर कमी होतो का ते कळेल. खिडक्या बंद करून प्रत्येक खोलीतून फोन लावा, कारण काँक्रीट आणि धातूचा थर असलेली काच सिग्नल अडवतात. आणि बेडरूमची भिंत लिफ्टला लागून आहे का ते बघा. मी नाही बघितलं. वर्षभर शेजारी रात्री किती वाजता घरी येतात हे मला पाठ होतं.

करारात डिपॉझिट कधी परत मिळणार, त्यातून काय कापणार, मेंटेनन्स कोण भरणार, नोटीस किती दिवसांची आणि एसी-गिझर बिघडला तर खर्च कुणाचा, हे शब्दात लिहिलेलं हवं. पार्किंगचंही तसंच, ‘बघू, होईल काहीतरी’ हे पार्किंग नव्हे. मालकी कुणाच्या नावावर आहे ते कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

किल्ल्या घ्याल त्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंतींवरचे ओरखडे, ओट्यावरची चीर, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. किल्ल्या आणि गेटची कार्डं मोजून घ्या. दाराला डिजिटल कुलूप असेल तर मागच्या भाडेकरूचा कोड आणि बोटांचे ठसे तिथेच, तुमच्यासमोर काढून टाकायला लावा.