जानेवारी आणि जुलै : नागपुरात फायर सेफ्टीचं हंगामी काम

नागपुरात फायर सेफ्टीच्या कामाला दोन मोठे हंगाम असतात, जानेवारी आणि जुलै. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाला किंवा वापरणाऱ्याला वर्षातून दोनदा, याच दोन महिन्यांत, आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. धंद्यात त्याला सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. तो परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. दवाखाने, हॉस्टेलं, मंगल कार्यालयं, गोदामं, सगळ्यांना एकाच महिन्यात एजन्सीचा माणूस हवा असतो, आणि एजन्सीकडे कायमची माणसं असतात चार-पाच. मग ती हंगामापुरती मुलं-मुली घेते. मी अशीच लागले. बी.एस्सी. झाली होती, पुढचं काही ठरत नव्हतं. आज याच कामातलं आठवं वर्ष सुरू आहे. दर डिसेंबरात ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतं, ‘ताई, हे काम कसं असतं? करू का?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीला तुम्हाला एक छापील चेकलिस्ट मिळते आणि इमारतींची यादी. आग विझवायचे सिलिंडर मोजायचे, प्रत्येकाची तारीख बघायची, पिन आणि सील आहे का, प्रेशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघायचं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, त्याचं वजन करावं लागतं, हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या. नवीन मुलं हमखास तिथे ‘ठीक’ लिहून पुढे जातात. पावडरचा सिलिंडर हातात घेऊन उलटा-सुलटा करा. वर्षभर भिंतीवर टांगून टांगून आतली पावडर तळाशी बसून दगड होते. नळीच्या तोंडात बोट घालून बघा, कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं मला किती वेळा सापडलंय, त्याची मोजदाद नाही. होज बॉक्स, म्हणजे आगीच्या पाइपाची पेटी उघडा, पाइप पूर्ण सोडा, कपलिंगचं म्हणजे जोडाचं रबरी वॉशर बघा. आपल्याकडच्या उन्हात ते सुकून भेगाळतं. छतावरच्या डिटेक्टरवर बसवतानाचं प्लॅस्टिकचं टोपण तसंच राहिलेलं असतं. टोपणाखालचा डिटेक्टर धूर कसा ओळखणार?

माझी पहिली मोठी चूक याच काळातली. सक्करदऱ्याकडे एक मुलींचं हॉस्टेल होतं, दिवसातली माझी सहावी इमारत. पंप खोलीत गेले, प्रेशरचा काटा सातवर स्थिर होता. वॉचमन म्हणाला, ‘पंप एकदम मस्त हाय मॅडम.’ मी ‘फायर पंप : ठीक’ असं लिहिलं, फोटो काढला आणि निघाले.

आमच्या एजन्सीत एक निवृत्त लीडिंग फायरमन कामावर देखरेख करायचे. आम्ही त्यांना सर म्हणायचो. संध्याकाळी त्यांनी माझे फोटो पाहिले आणि एका फोटोवर बोट ठेवलं. काट्याच्या मागे पंपाचं पॅनल अर्धवट दिसत होतं. ‘सिलेक्टर कुठं हाय यात?’ सिलेक्टर म्हणजे पंप आपोआप चालू होईल की बंद राहील ते ठरवणारं पॅनलवरचं बटण. मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन तिथेच गेले. सिलेक्टर ‘ऑफ’वर होता. एका सांध्यातून पाणी झिरपत असल्यामुळे जॉकी पंप, म्हणजे पाइपातलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू व्हायचा, त्याच्या आवाजाचा त्रास व्हायचा, म्हणून कोणीतरी तो महिन्यांपूर्वी बंद करून ठेवला होता. मेन पंपही त्याच्यासोबत बंद. आदल्याच दिवशी टाकीची सफाई झाली, तेव्हा थोडा वेळ पंप चालवला होता म्हणे, आणि तेच प्रेशर पाइपात कोंडून राहिलं होतं. सरांनी जिन्यातला हायड्रंट व्हॉल्व्ह, म्हणजे आगीच्या पाण्याचा नळ, उघडायला लावला. पाण्याचा जोरदार फवारा आला, मी सुटकेचा श्वास घेतला, आणि पाच-सहा सेकंदांत ती धार मनगटाएवढी, मग बोटाएवढी झाली आणि थांबली.

‘सुई दाखवते ते पाइपातलं प्रेशर,’ सर म्हणाले. ‘पंप चालते का, हे कोणाले विचारलं तू?’

वरच्या मजल्यावर मुलींच्या बादल्या वाजत होत्या, कोणीतरी गाणं म्हणत होतं. त्या हॉस्टेलात दीडशेच्या वर मुली राहत होत्या आणि मी त्यांच्या नावावर ‘ठीक’ लिहून गेले होते. तेव्हापासून माझा नियम आहे : जे स्वतः चालवून पाहिलं तेच ‘चालू’. जे पाहता आलं नाही, तिथे ‘तपासता आलं नाही’ असं लिहायचं आणि का ते पुढे लिहायचं. हंगामी माणसावर दबाव असतो. दिवसाला इमारती ठरवून दिलेल्या असतात, मालक म्हणतो लिहून टाका, एजन्सीतला कोणी म्हणतो नंतर पाहू. फॉर्म बीवर सही परवानाधारक एजन्सीची असते, तुमची नाही. कोणी सांगितलं तरी दुसऱ्याच्या नावाने सही करू नका. पण ती सही तुमच्या चेकलिस्टच्या भरवशावर होते, हे विसरून चालणार नाही.

फायर ऑडिट आणि आगीच्या धोक्याचं मूल्यांकन या दोन गोष्टी नवीन लोक एकच समजतात. ऑडिटमध्ये आपण बघतो, कायद्याने आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या चौथ्या भागाने सांगितलेलं सगळं इथे आहे का आणि चालतं का. मूल्यांकनात प्रश्न वेगळे असतात. इथे काय पेटेल? कशाने पेटेल? त्या वेळी इथे कोण असेल, झोपलेलं की जागं, चालू शकणारं की नाही? आणि ते बाहेर कुठून पडतील?

याचं नागपुरी उदाहरण म्हणजे कूलर. जानेवारीत तुम्ही हॉस्टेल बघता तेव्हा कूलर गच्चीवर उलटे टाकलेले असतात. जुलैत बघता तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो, कूलर पुन्हा बंद. मधल्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ च्या वर असताना, त्याच इमारतीत खोली तिथे कूलर लागतो, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर तीन-तीन मोटरी चालतात, सुक्या वूडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, ताट्या ओल्या करायला पाणी पुरत नाही, आणि मागच्या जिन्याच्या दारातच एक मोठा कूलर बसवलेला असतो, कारण हवा तिथूनच येते. आगीचा खरा मोसम तो, आणि दोन्ही फॉर्मांच्या मध्ये तो निसटून जातो. म्हणून मी जानेवारीतच विचारते, ‘उन्हाळ्यात कूलर कुठं लावता?’ आणि उत्तर अहवालात लिहिते. चेकलिस्टमध्ये त्याला रकाना नसतो. शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात लिहायचं.

दुसरी गोष्ट गच्चीच्या दाराची. दहापैकी निम्म्या ठिकाणी तरी मला कुलूप दिसतं. विचारलं की वॉचमनचं एकच उत्तर, ‘कुलूप नाई लावलं त पोट्टे वर जाऊन बसते ना मॅडम.’ त्याचंही खरं आहे, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. पण धूर वर चढतो, आणि खालचा जिना धुराने भरला की माणूस वरच धावतो. आतून ढकलता येईल असा पॅनिक बार लावा, हे त्याला नाही, मालकाला सांगायचं, आणि लेखी सांगायचं.

आता मंडपाबद्दल, कारण इथे हंगामी काम खूप मिळतं आणि हे काम मला मनापासून आवडतं. माझ्या मामांचं नागपूरच्या महाल भागात बिछायत केंद्र होतं. कनात, पडदे, बांबू, सतरंज्या यांत माझं लहानपण गेलं. तेव्हा कधी वाटलं नाही की हीच माहिती पुढे कामी येईल. गणपती, नवरात्र, लग्नसराई, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन : या शहरात तात्पुरती उभारणी सतत चालू असते. तात्पुरत्या मंडपांसाठी भारतीय मानक आहे, आय.एस. ८७५८. मंडपाची उंची किमान ३ मीटर, आजूबाजूच्या इमारतींपासून ४.५ मीटर मोकळी जागा, वरून विजेची चालू तार गेलेली नसावी, सिंथेटिक कापड आणि दोर वापरू नये.

हे शेवटचं का, ते डबवालीमुळे कळतं. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या बक्षीस समारंभाच्या मंडपाला आग लागली. सिंथेटिक कापडाचं छत पेटून, वितळून खाली बसलेल्यांच्या अंगावर पडलं. ४४२ माणसं गेली, त्यात निम्म्याहून जास्त मुलं होती. मी नवीन मुलांना कापडाचा एक धागा काढून, उघड्या जागी, चिमट्यात धरून जाळायला लावते. सुती धाग्याची राख होते. सिंथेटिक धागा आक्रसतो, त्याचा गरम थेंब पडतो. तो थेंब एकदा पाहिला की मंडपात शिरताना नजर आपोआप वर जाते.

महाल-इतवारीच्या गल्ल्यांत ४.५ मीटर मोकळी जागा कुठून आणणार, हा प्रश्न मंडळाची पोरं विचारतात आणि तो बरोबर आहे. जागा नाही हे अहवालात स्पष्ट लिहावं लागतं, परवानगीचा निर्णय महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा. पण तुम्ही तिथे उभे असता तेव्हा बरंच काही करता येतं. प्रसादाची शेगडी आणि गॅस सिलिंडर मंडपाच्या मागून हलवून गल्लीच्या मोकळ्या टोकाला न्या. हॅलोजन कापडापासून लांब करा. सतरंजीखालून गेलेल्या, टेप मारून जोडलेल्या वायरी वर घ्या. जनरेटर बाहेर. दोन्ही बाजू उघड्या ठेवा, कनात सुतळीने आवळून बांधू नका, सोडता येईल अशी गाठ मारा. आरतीच्या वेळी दाराशी चपलांचा ढीग पडतो, तो एका अंगाला लावायला एक पोरगा ठेवा. मी ‘एक्झिट’ म्हटलं की कोणी लक्ष देत नाही. ‘आजीला इथून कसं काढाल?’ असं विचारलं की चार जण येऊन कनात सोडून दाखवतात.

दवाखान्यांचं काम मात्र पहिल्या हंगामात एकट्याने घेऊ नका. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. भंडारा इथून साठेक किलोमीटर. त्यानंतर राज्यभर दवाखान्यांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत काम चालायचं. ऑक्सिजन, सतत चालणारी उपकरणं, स्वतःहून न हलू शकणारी माणसं, हे सगळं एका खोलीत असतं. तिथे रात्रपाळीच्या नर्सशी बोला. रात्री वॉर्डात किती जण असतात, पहिल्यांदा कोणाला उचलणार, दाराची किल्ली कोणाकडे असते? याची उत्तरं ऑफिसातल्या फायलीत मिळत नाहीत.

शिक्षणाचं म्हणाल तर आपण नागपूरकर नशीबवान आहोत. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच गावात आहे. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी इथे आलं. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही संस्था. तिथली फायर इंजिनिअरिंगची पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहे, शिवाय सब ऑफिसरचा अभ्यासक्रम चालतो. नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये तिथे प्रवेश घेणाऱ्या पहिल्या विद्यार्थिनी, पुढे त्या ओएनजीसीत गेल्या. राज्याचं प्रशिक्षण मुंबईत सांताक्रूझच्या कलिना भागात चालतं. कारखान्यात, म्हणजे हिंगणा किंवा बुटीबोरीला, सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा लागतो. ‘फायर अँड सेफ्टी डिप्लोमा, १०० टक्के नोकरी’ अशा पाट्या गल्लोगल्ली आहेत. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : हे प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचं किंवा विद्यापीठाचं, आणि कोणत्या सरकारी जाहिरातीत ते चालतं? उत्तर कागदावर मिळालं नाही तर उठून या. माझ्यासोबतच्या एका मुलाने आईचे दागिने गहाण ठेवून असा डिप्लोमा केला आणि पहिल्याच भरतीत कागद परत हातात आला. अजूनही ते आठवलं की जीव जळतो. हंगामी काम आधी करून बघा, फी नंतर भरा.

काम शोधायचं तर १५ डिसेंबरच्या आणि १५ जूनच्या सुमारास एजन्सीत प्रत्यक्ष जा. परवानाधारक एजन्सींची यादी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाच्या संकेतस्थळावर असते, त्यात नाव बघूनच जा. रोजी किती, पेट्रोल वेगळं की त्यातच, पैसे दर आठवड्याला की हंगाम संपल्यावर, आणि काम करताना लागलं-पडलं तर खर्च कोणाचा, हे आधी विचारून लिहून घ्या. लाजू नका. स्वतःची गाडी आणि बरा कॅमेरा असलेला फोन लागतो. पिशवीत टॉर्च, मोजपट्टी, जाड हातमोजे आणि पाण्याची बाटली ठेवा. बूट बंद असावेत, पंप खोलीत पाणी आणि उघड्या वायरी दोन्ही असतात. मुलींनी गच्ची आणि तळघर जोडीने तपासावं, एजन्सीला तसं आधीच सांगावं. मी सांगितलं होतं, कोणी नाही म्हटलं नाही.

आणि पंप खोलीत गेलात की आधी सिलेक्टरचा फोटो काढा, मग काट्याचा, मग जिन्यात जाऊन व्हॉल्व्ह उघडा आणि मनात साठपर्यंत आकडे मोजा.