विक्रीसाठी माणसं घेताना या चुका टाळा

हिशेबाचं काम करणारा माणूस मुलाखतीत अडखळला तर आपण समजून घेतो, कारण त्याचं काम बोलण्याचं नसतं. विक्रीच्या माणसाचं नेमकं उलटं होतं. समोरच्याला पटकन आपलंसं करणं आणि शंका निघायच्या आधीच तिचं उत्तर देणं, हे तो रोजच करतो. मुलाखतीच्या तासाभरात तो एकच माल विकत असतो, तो म्हणजे स्वतः, आणि गिऱ्हाईक असता तुम्ही. या भरतीतल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. माणूस काय करतो हे बघायचं राहून जातं आणि तो आपल्याला कसा वाटला यावर निर्णय होतो.

बोलका माणूस म्हणजे चांगला विक्रेता, असं धरून चालणं

बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, असं आपण म्हणतो. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने 2013 मध्ये कॉल सेंटरमधल्या 340 विक्री प्रतिनिधींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत जास्त विक्री अति बोलक्यांची नव्हती आणि अगदी अबोल माणसांचीही नव्हती. मधल्या स्वभावाचे लोक पुढे होते. फार बोलणारा ग्राहकाचं ऐकून घ्यायला कमी पडतो, आणि त्याचा उत्साह कधीकधी ग्राहकाला दडपणासारखा वाटतो.

त्याच्या खूप आधी, 1964 मध्ये, मेयर आणि ग्रीनबर्ग या संशोधकांनी चांगल्या विक्रेत्याचे दोन मूळ गुण मांडले होते: समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखता येणं, आणि सौदा जिंकण्याची आतून ओढ असणं. माझ्या मते आजही हे दोन गुण तपासले तरी निम्मं काम होतं. मुलाखत संपल्यावर स्वतःला विचारा: याने मला किती प्रश्न विचारले? माझ्या उत्तरातून त्याचा पुढचा प्रश्न निघाला, की पाठ केलेली यादी तो वाचत गेला? पाऊण वेळ स्वतःच बोलणारा उमेदवार तुमच्या ग्राहकासमोरही तेच करणार.

आपली विक्री कशी आहे हे न लिहिताच जाहिरात देणं

‘अनुभवी, आक्रमक, टार्गेट पूर्ण करणारा हवा’ एवढ्यावर अर्ज मागवले की कुणीही येतो. फोनवर पाच मिनिटांत होणारी विक्री आणि सहा महिने चालणारी, चार जणांच्या सह्या लागणारी विक्री ही दोन वेगळी कामं आहेत. नवे ग्राहक शोधून आणणं आणि जुने ग्राहक सांभाळून त्यांच्याकडून वाढीव ऑर्डर घेणं, हीसुद्धा वेगळीच. पहिल्या कामात दिवसातून वीस वेळा ‘नको’ ऐकून एकविसावा फोन लावता आला पाहिजे. दुसऱ्यात धीर लागतो आणि बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एकाच माणसात दोन्ही असतं, पण क्वचित.

म्हणून जाहिरातीच्या आधी एका पानावर लिहा: लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांची नावं, कंपनी देणार की त्याने स्वतः शोधायचे, निर्णय घेणारा माणूस कोण, पहिल्या भेटीपासून ऑर्डरपर्यंत साधारण किती काळ जातो, भावावर किती घासाघीस होते. हे पान भरता येत नसेल तर अजून भरतीची वेळ आलेली नाही.

याच चुकीचं महागडं रूप म्हणजे मोठ्या नावाच्या कंपनीतला स्टार उचलून आणणं. तिथे नावामुळेच दार उघडतं, लीड आपोआप येतात, डेमो द्यायला वेगळी टीम असते. तुमच्याकडे त्यातलं काही नसेल तर तोच माणूस हतबल होतो. हार्वर्डचे प्राध्यापक बोरिस ग्रॉयसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेअर बाजाराच्या हजाराहून अधिक स्टार विश्लेषकांचा माग काढला, तेव्हा कंपनी बदलल्यावर अनेकांची कामगिरी घसरलेली दिसली. तो अभ्यास विक्रेत्यांवरचा नाही, पण मुद्दा इथेही लागू पडतो. माणसाच्या यशातला काही भाग त्याच्या जुन्या कंपनीचा असतो, आणि तो भाग तिथेच राहतो.

गप्पांच्या ओघात मुलाखत घेणं

श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये नोकरभरतीवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. निवडतानाचा अंदाज आणि नंतरचं काम किती जुळतं, हे 0 ते 1 या मापावर पाहिलं; 1 म्हणजे पूर्ण जुळणी. ठरवून, सगळ्यांना तेच प्रश्न विचारून घेतलेल्या मुलाखतीचा आकडा 0.51 होता, मोकळ्या गप्पांचा 0.38, आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा 0.18. पुढे 2022 मध्ये इतर संशोधकांनी हे आकडे पुन्हा काढले. ते बरेच खाली आले, तरी ठरवून घेतलेली मुलाखत वरच राहिली. आपण मात्र बायोडेटात आधी काय बघतो? किती वर्षांचा अनुभव.

सहा-सात प्रश्न ठरवा, क्रम बदलू नका, आणि मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने एकमेकांशी बोलायच्या आधी आपापले गुण लिहावेत. साहेबांनी ‘मस्त वाटला’ म्हटल्यावर बाकीचे माना डोलावतात.

‘टार्गेटच्या 120 टक्के केलं’ ऐकून पुढच्या प्रश्नाकडे वळणं

थांबायचं ते इथेच. हा आकडा खरा असूनही त्यातून काहीच कळत नाही, असं होऊ शकतं. त्याच्या तळाशी असं जाता येतं:

“टार्गेट किती जणांना होतं? तुम्ही कितवे होतात?”

“आठ जण होतो. मी तिसरा.”

“टार्गेट किती जणांनी पूर्ण केलं?”

“सात जणांनी.”

इथे चित्र बदललं. आठपैकी सात जण पार झाले म्हणजे टार्गेट सोपं होतं किंवा बाजार तेजीत होता. मग विचारा: “त्या वर्षीची सर्वांत मोठी ऑर्डर सांगा. पहिला फोन कुणी केला होता? ग्राहकाकडे आणखी कोणते पर्याय होते? तो कशावर अडला होता?” ज्याने ती विक्री स्वतः केली असते तो तपशिलात शिरतो. खरेदी अधिकारी मध्येच बदलला, दुसऱ्या भेटीत जुन्या पुरवठादाराचा विषय निघाला, नमुना परत पाठवावा लागला, हे सगळं त्याला आठवतं. जो कडेला उभा होता तो ‘आम्ही रिलेशन बिल्ड केलं’ यापुढे जात नाही.

आणि हातातून गेलेल्या एका डीलबद्दल नक्की विचारा. सगळा दोष भावाचा, मालाचा आणि साहेबांचा निघाला तर सावध व्हा. मला हा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

काम करून न बघता ऑफर लेटर देणं

ड्रायव्हर ठेवताना आपण गाडी चालवून बघतो. विक्रेता घेताना मात्र त्याने विक्रीबद्दल सांगितलेल्या गोष्टी ऐकतो. त्यापेक्षा एक दिवस आधी उमेदवाराला तुमच्या मालाची दोन पानी माहिती पाठवा आणि तुमच्यातल्या एकाला ग्राहक बनवा. पंधरा मिनिटं द्या. ग्राहकाने एक खरी गरज मनात लपवून ठेवायची आणि विचारल्याशिवाय सांगायची नाही. मधेच ‘जरा महाग वाटतंय’ म्हणायचं. आता बघा: उमेदवार गरज शोधतो की माहितीपत्रक वाचून दाखवतो? ‘महाग’ ऐकताच सूट देऊ लागतो, की कशाच्या तुलनेत महाग ते विचारतो? शेवटी पुढची पायरी, म्हणजे तारीख, भेट, नमुना, ठरवून उठतो, की ‘कळवा मग’ म्हणून निघतो?

यानंतरचा भाग बरेच जण विसरतात. त्याला दोन सुधारणा स्पष्ट सांगा आणि दहा मिनिटांनी तोच प्रसंग पुन्हा करायला लावा. पहिल्या खेपेला कच्चा वाटलेला उमेदवार दुसऱ्या खेपेला सांगितलेलं नेमकं करून दाखवतो, आणि पहिल्या खेपेला चमकलेला आपलं समर्थन करत बसतो, असं होतं. पहिल्याला घ्या. माल शिकवता येतो, पण ऐकून बदलायची तयारी शिकवणं फार जड जातं.

घाई, आणि पगाराची चुकीची रचना

जागा रिकामी झाल्यावर शोध सुरू केला की जो येईल तो बरा वाटू लागतो. जागा नसतानाही चांगल्या माणसांशी ओळख ठेवावी. जुन्या वरिष्ठांना फोन करायचा तर ‘कसा होता?’ असं विचारून उपयोग नाही, ‘चांगला होता’ हेच उत्तर येणार. ‘पुन्हा तुमच्या टीममध्ये घ्याल का, आणि कोणत्या कामासाठी?’ असं विचारा आणि उत्तराआधीची शांतता ऐका.

पगाराबाबत साधा हिशेब करा. प्रशिक्षणाला एक महिना आणि ऑर्डर पिकायला चार महिने लागत असतील, तर पाचव्या महिन्याआधी इन्सेंटिव्ह मिळणं जवळपास अशक्य. तरी पहिल्या महिन्यापासून फिक्स पगार तुटपुंजा ठेवला तर माणूस तिसऱ्या महिन्यात दुसरीकडे बघू लागतो, आणि आपण म्हणतो, ‘टिकत नाहीत लोक.’ तेवढा काळ किमान इन्सेंटिव्हची हमी द्या. प्रोबेशनमध्ये विक्रीचा आकडा न बघता भेटी, फॉलो-अप आणि पाइपलाइनचा, म्हणजे बोलणी चालू असलेल्या सौद्यांचा, दर्जा बघा.

घेतल्यानंतर गाडी अडली तर

पहिल्या दोन महिन्यांतच लोक सोडून जात असतील, तर बहुतेक वेळा मुलाखतीत काम गोड करून सांगितलेलं असतं. रोज किती नकार ऐकावे लागतात, किती फिरती आहे, हे आधीच सांगा. ऑफर देण्याआधी अर्धा दिवस जुन्या प्रतिनिधीबरोबर फिरू द्या. ज्याला जायचं तो तेव्हाच जाईल, आणि दोघांचेही महिने वाचतील.

भेटी भरपूर पण ऑर्डर नाही, असं असेल तर तो निर्णय घेऊ न शकणाऱ्या लोकांना भेटतोय का ते तपासा. ऑर्डर येतात पण प्रत्येक ऑर्डर सूट देऊनच, तर इन्सेंटिव्ह उलाढालीवर आहे की नफ्यावर, ते आधी बघा. माणूस तुम्ही लावलेल्या नियमाप्रमाणेच वागत असेल.

आणि लागोपाठ घेतलेले तीन-चार जण एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर चौथ्याच्या जागी पाचवा शोधणं थांबवा. कंपनी चालवणाऱ्याने स्वतः तीच ग्राहकयादी घेऊन आठवडाभर फोन करावेत, भेटींना जावं. त्यालाही ग्राहक त्याच वाक्यावर थांबवत असतील, तर दुरुस्ती भाव, माल किंवा ग्राहकांची विभागणी यांत करायची आहे. ती होईपर्यंत नवी जाहिरात देऊ नका.