गिअरबॉक्स माउंट जुळवताय? ई३६ एम३वर काम करताना या चुका टाळा

पाच गिअरचा झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स असलेल्या बीएमडब्ल्यू ई३६ एम३मध्ये (३ सिरीजच्या ई३६ पिढीची वेगवान आवृत्ती) दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.४९ आहे, तिसऱ्याचं १.६६ आणि चौथ्याचं १.२४. ट्रॅकवर साडेसहा हजार आरपीएमला तिसऱ्यातून चौथा टाकला, तर इंजिन ४,८५०च्या आसपास उतरतं. चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर क्लच सोडताक्षणी तेच इंजिन पावणेदहा हजारांवर खेचलं जातं. इंजिनाचा वेग मर्यादेबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, कारण इंजिनाला आता चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि इंजिन संपतं.

असा चुकीचा गिअर पडण्यामागे चालकाचा हात जितका असतो, तितकाच खाली पिचलेला रबरी माउंटही (गिअरबॉक्सला मागून पेलणारा आधार) असू शकतो. या गाडीत गिअर लिव्हरची पट्टी पुढे गिअरबॉक्सला आणि मागे बॉडीला टेकलेली असते. जोरदार वळणावर गिअरबॉक्सचं शेपूट बाजूला सरकलं की लिव्हरखालच्या वाटाही सरकतात. म्हणून लोक पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या पण अधिक कडक प्लास्टिकचे) माउंट घेतात, किंवा मूळ रबरावर बसणारे धातूचे कप घेतात. कप एका कंपनीचा, माउंट दुसरीचा आणि क्रॉसमेंबर (माउंटला खालून धरणारी आडवी पट्टी) तिसरीचा असला की काहीतरी अडतंच. मग ग्राइंडर बाहेर येतो. जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेत राहणारे आपले बरेच हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये हे काम स्वतः करतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

भोकं जुळत नाहीत म्हणून लगेच कापू नका

ई३६ १९९०मध्ये आली आणि तिच्यात चार सिलिंडर, सहा सिलिंडर, गेट्राग किंवा झेडएफ कंपनीचा गिअरबॉक्स, ऑटोमॅटिक अशा बऱ्याच जोड्या बसवल्या गेल्या. क्रॉसमेंबर सगळ्यांना एकच नाही. आधी गिअरबॉक्सवरची पाटी वाचा आणि तुमच्या हातातला भाग नेमका त्याच गिअरबॉक्ससाठी आहे का, ते बघा.

भाग बरोबर असूनही भोक पाच-सहा मिलिमीटर हुकत असेल, तर नजर पुढे वळवा. इंजिनाचे माउंट खचलेले असले की इंजिन-गिअरबॉक्सची सगळी मोट तिरकी बसते आणि त्याचं माप मागे गिअरबॉक्सपाशी दिसतं. दुसरा संशयित एक्झॉस्ट. त्याचा आधार गिअरबॉक्सला धरलेला असतो. पाइप ताणात असेल, तर तो शेपटाला एका बाजूला ओढत राहतो. आधाराचे बोल्ट सैल करा, गिअरबॉक्सखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने किंचित उचला आणि पुन्हा माप घ्या. कितीतरी ‘न बसणारे’ भाग एवढ्यानेच बसतात.

जुना माउंट चिकट, फुगलेला निघाला तर वरचा ऑइल सील गळतोय. तो आधी बदला. तेल पिणारं रबर नवं घातलं तरी पुन्हा तसंच होणार.

कपात रबर ठासून भरणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या लवकर कळतही नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

रबर दाबलं की त्याचा आकार बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही. वरून दाब आला की ते बाजूंना फुगतं आणि त्या फुगण्यातच त्याचा मऊपणा असतो. आता हाच माउंट घट्ट कपात बसवला की फुगायला जागा उरत नाही. मग रबर जवळजवळ लोखंडासारखं वागतं. पाकिटावर ‘मूळ रबरासोबत वापरा, आवाज वाढणार नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि इकडे केबिनमध्ये घूंऽऽ असा आवाज भरून राहतो. कप वाईट नसतो. तो ज्या व्यासाच्या माउंटसाठी केला होता, त्यापेक्षा जाड माउंट त्यात ठोकलेला असतो.

कपाचं काम एकच आहे: माउंट नको इतका बाजूला सरकू लागला की त्याला अडवणं. त्याआधी तो माउंटला लागताच कामा नये. म्हणून चहूबाजूंनी दोनेक मिलिमीटर मोकळीक मिळते का ते पाहा, आणि कपाची कड वरच्या ब्रॅकेटला टेकत नाही याचीही खात्री करा. ही जागा डोळ्यांनी दिसत नाही. मुलांची मऊ क्ले कपाच्या कडेवर आणि आतल्या भिंतीवर लावा, सगळं जोडून गाडी चाकांवर उतरवा, मग पुन्हा काढून क्लेची जाडी मोजा. जिथे क्ले पूर्ण चेपलेली दिसेल तिथे धातू धातूला लागतोय.

काही घासायचंच असेल तर कप घासा. लेथवर आतून खरवडून घेता येतो, कड कानशीने उतरवता येते. माउंटचं रबर कापू नका. त्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याला ते व्हल्कनाइझ करून (उष्णता देऊन) चिकटवलेलं असतं, आणि त्या कडेला घाव बसला की तिथूनच ते सुटायला लागतं.

पॉलियुरेथेन तापवणं

पॉलियुरेथेनचा माउंट मात्र कापता येतो. अडचण अशी की हा पदार्थ उष्णतेने मऊ पडतो, ग्राइंडरच्या चाकाला चिकटतो आणि कड फाटते. शिवाय जळलेल्या पॉलियुरेथेनचा धूर विषारी असतो, त्यात आयसोसायनेट असू शकतात. माउंट रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी लेथवर अगदी धारदार हत्याराने बारीक काप घ्या. लेथ नसेल तर जाड सँडपेपरवर हाताने घासा. वेळ लागतो, पण माप हातात राहतं. दार-खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क हवाच.

वेल्डिंगचंही तेच. ब्रॅकेटला पट्टी जोडायची असेल, तर माउंट आधी काढून बाजूला ठेवा. ‘दोनच टाके मारायचे आहेत’ म्हणून माउंट जागेवर ठेवून वेल्ड केलं, तर रबराचा जोड आतून मरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

भोक लांबवणं आणि वॉशरांची चळत

क्रॉसमेंबरमधलं भोक लांबट करणं हा सोपा उपाय आहे आणि थोड्या मिलिमीटरांसाठी तो चालतोही. पण लांबट भोकात बोल्टला बाजूचा आधार राहत नाही, सगळा भार दाबाच्या घर्षणावर येतो. म्हणून नटाखाली रुंद, जाड, कडक पोलादाचा वॉशर हवा. पातळ वॉशर भोकात वाकतो आणि आवळणी सुटते. ॲल्युमिनियमच्या क्रॉसमेंबरमध्ये नवं भोक पाडत असाल, तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत व्यासाच्या दुप्पट तरी धातू सोडा.

उंची कमी पडली म्हणून वॉशरवर वॉशर रचणारेही बरेच. तसं करू नका, एकसंध स्पेसर करून घ्या. आणि स्पेसर घातल्यावर स्टडचे आटे नटात पुरेसे शिरतात ना, हे पाहा. नटाबाहेर दोन तरी आटे दिसले पाहिजेत. कापायचा तर स्पेसर कापा, कप कापा, ब्रॅकेट कापा. गिअरबॉक्सच्या आवरणाला आणि बॉडीच्या बैठकीला कानस लावू नका. ते भाग परत मिळत नाहीत.

उंचीचा परिणाम माउंटवर थांबत नाही. या गाडीत गिअरबॉक्समागे रबरी कपलिंग आहे आणि त्यामागे दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट. कपलिंगला अगदी थोडा कोन सोसतो. गिअरबॉक्सचं शेपूट उचललं किंवा पाडलं की ते प्रत्येक फेरीला वाकतं, आणि काही महिन्यांत बोल्टांभोवती चिरतं. शेपूट पुढे-मागे सरकलं तर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगला पुढे सरकवून दिलेला ताण बिघडतो. ई३६मध्ये तो ४ ते ६ मिलिमीटर ठेवायचा असतो. म्हणून काम सुरू करण्याआधीच, जुने भाग जागेवर असताना, डिजिटल कोनमापकाने गिअरबॉक्सचा आणि शाफ्टचा कोन लिहून ठेवा. नंतर जुळवायला दुसरं काही हाताशी नसतं.

मागे दगड, पुढे लोणी

माझं स्पष्ट मत: इंजिनाचे माउंट जुने, मऊ ठेवून गिअरबॉक्सला ९५ए कडकपणाचं (शोअर मापावर; आकडा मोठा तितकं कडक) पॉलियुरेथेन किंवा भरीव ॲल्युमिनियम लावणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग चूक आहे. इंजिन टॉर्कखाली झुकायला बघतं, शेपूट हलत नाही, आणि मधला सगळा पीळ ॲल्युमिनियमच्या आवरणाला सोसावा लागतो. माउंट जिथे धरतो ते गिअरबॉक्सचे कान तडकतात. पुढचा माउंट मागच्याइतका किंवा त्याहून कडक हवा. रस्त्यावरच्या गाडीला दोन्हीकडे ८०ए पुरे होतं. फक्त गिअरबॉक्सपुरतेच पैसे असतील, तर नवं मूळ रबर घाला. जुन्या पिचलेल्या रबराच्या तुलनेत तेवढ्यानेही फरक स्पष्ट जाणवतो.

आवळताना

क्रॉसमेंबर काढताना गिअरबॉक्स फार खाली सोडू नका. इंजिन मागे कलतं आणि पुढचा पंखा त्याच्या आवरणाला लागतो. गाडी पक्क्या स्टँडवर हवी, फक्त जॅकवर कधीच नाही.

नवे भाग लावताना सगळे नट हाताने सैल बसवा, गाडी चाकांवर आणा, न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून थोडं चालू द्या म्हणजे मोट आपली जागा घेते. मग इंजिन बंद करून आवळा. आठ मिलिमीटरच्या ८.८ दर्जाच्या नटाला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे. एक्झॉस्टचा आधार सगळ्यात शेवटी.

यानंतर ठरावीक वेगाला थरथर आली तर शाफ्टचा कोन तपासा. वेग कुठलाही असो, ठरावीक आरपीएमलाच घोंघावत असेल तर कप किंवा एक्झॉस्ट कुठेतरी टेकतोय. दुसरा किंवा रिव्हर्स अडकत पडत असेल, तर उंची बदलल्याने गिअरचा दांडा कपलिंगला किंवा शाफ्टला घासतोय का, खालून बघा. क्लच सोडताना ठक्क आवाज आला तर लांबट केलेल्या भोकांतले बोल्ट सरकलेत.

जर्मनीत असाल तर असा बदल करण्याआधी टीयूव्हीच्या (गाड्यांची तपासणी करणारी संस्था) परीक्षकाशी बोलून घ्या. कागद नसलेला भाग सापडला तर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच अडचणीत येऊ शकतो, आणि विम्याचा प्रश्न वेगळा. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा गाडीखाली जा, प्रत्येक नटाला टॉर्क पाना लावा आणि टॉर्च मारून कपलिंगच्या बोल्टांभोवती बारीक चिरा आहेत का ते पाहा.