कॅम्परव्हॅनमध्ये दुसरी बॅटरी बसवताना

आधी रोजचा खर्च मांडा. ४५ वॅटचा १२ व्होल्टचा फ्रिज दिवसाकाठी साधारण ८ तास चालतो, म्हणजे ३० अँपिअर-तास (बॅटरीतल्या साठ्याचे माप). दिवे, पंप, मोबाइल धरून ४५. दोन दिवसांचे ९०. एजीएम (पाणी घालावे न लागणारी, बंद लेड-ॲसिड) बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून ती २००ची लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट १२०ची पुरते. फक्त लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. इंजिनाची बॅटरी या कामाला वापरूच नका.

लिथियम थेट अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्राला) जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंट मर्यादेत ठेवून गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी भरणारा) हवाच. पाच मीटरपर्यंत १० चौरस मिमीची वायर घ्या आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्हजवळ, वीतभर अंतरात, ४० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज वायरीसाठी असतो, चार्जरसाठी नव्हे; लोक इथेच चुकतात.

बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळा. पाणी घालायची बॅटरी असेल तर तिचा हायड्रोजन नळीने गाडीबाहेर काढा. जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, काढताना उलट. शेवटी फ्रिज चालू ठेवून बॅटरीवर आणि फ्रिजच्या टोकाला व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर वायर बारीक आहे किंवा एखादा लग (वायरीच्या टोकाचे धातूचे कडे) नीट दाबलेला नाही; हाताला गरम लागेल तोच.