ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीत भेटवस्तूंची पळवापळवी

सीक्रेट सांतात (चिठ्ठीत नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्यायचा खेळ) कुणाचं नाव निघतंय याचीच धाकधूक असते, त्यापेक्षा पळवापळवी खेळा. प्रत्येकाने ठरलेल्या रकमेतली वस्तू गुंडाळून, नाव न लिहिता टेबलावर ठेवायची. मग क्रमांकाच्या चिठ्ठ्या काढा. पाळी आली की नवं पुडकं उघडायचं किंवा आधी कुणी उघडलेलं पळवायचं (साहेबांचंही, बिनधास्त!). ज्याची वस्तू गेली त्याने नवं उघडावं किंवा तिसऱ्याचं उचलावं. स्वतःचं लगेच परत घ्यायचं नाही. एखादी वस्तू 3 वेळा पळवली गेली की ती तिथेच थांबते. हे आधीच सांगून टाका, नाहीतर खेळ संपतच नाही. पहिल्या क्रमांकाला पळवायला काहीच नसतं, म्हणून शेवटी त्याला अदलाबदलीची एक संधी द्या. माणसं 20 च्या वर असतील तर दोन गट करा.