जुन्या घराच्या लाकडी खिडक्या कमी खर्चात कशा बदलाव्यात

कोकणातलं कौलारू घर असो, पुण्या-नाशकातला वाडा असो की मुंबईतली चाळ, डागडुजीचा विषय निघाला की पहिली कुऱ्हाड खिडक्यांवर पडते. "काढून टाका, ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू," असं कुणीतरी सांगतं आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं सागवान भंगाराच्या टेम्पोत जातं. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते. दोन झडपांची लाकडी खिडकी पूर्ण उघडते, आणि जाड भिंतींच्या घरात हवा खेळती राहायला हा फरक मोठा आहे. राहिला प्रश्न खर्चाचा. खिडकीचा जेवढा भाग खरोखर गेला आहे तेवढाच बदलला, आणि तोही जमल्यास जुन्या सागवानात, तर लाकडी खिडकी आवाक्याबाहेर जात नाही.

१. नेमकं काय सडलंय ते आधी पाहा

एक स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत टोचा. मग झडपेच्या सर्वांत खालच्या आडव्या पट्टीत, तिच्या पोटाकडून टोचा. पावसाचं पाणी ओघळून थांबतं ते इथेच. टोक जेमतेम रुतत असेल तर लाकूड ठणठणीत आहे. भुसभुशीत होऊन आत गेलं तर तेवढा भाग गेला. आता हातोडीच्या दांड्याने चौकटीवर ठोकत जा. पोकळ आवाज आला किंवा भिंतीलगत मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे. तिचा बंदोबस्त खिडकीच्या आधी करा, नाहीतर नव्या लाकडाचीही तीच गत होईल.

रंगाचे पापुद्रे, सैल सांधा, गंजलेली बिजागरी, तडकलेली काच ही खिडकी फेकून देण्याची कारणं नव्हेत. चौकटीचा फक्त पाय सडला असेल तर चांगला सुतार तो भाग तिरका कापून तिथे त्याच जाडीचा नवा तुकडा जोडतो. असा सांधा नीट केला की बरीच वर्षं जातात.

२. चौकट वाचवा

यात किती पैसे वाचतात ते आकड्यांत पाहू. खिडकी ३ फूट रुंद, ४ फूट उंच. चौकटीला ४ इंच × ३ इंचाचं लाकूड लागतं, एकूण लांबी १४ फूट. म्हणजे सुमारे १.१७ घनफूट. दोन झडपांच्या उभ्या-आडव्या पट्ट्या ३ इंच × सव्वा इंच धरल्या तर एकूण लांबी साधारण साडेतेवीस फूट भरते आणि लाकूड लागतं जेमतेम ०.६ घनफूट. थोडक्यात, जवळजवळ दोन तृतीयांश लाकूड एकट्या चौकटीत जातं. ती वाचली की लाकडाचा खर्च एक तृतीयांशावर येतो. सागवान घनफुटाच्या भावाने विकलं जातं, त्यामुळे सुताराकडून अंदाज घेताना चौकट आणि झडपा यांचे घनफूट वेगवेगळे लिहून मागा.

शिवाय दगड-मातीच्या भिंतीतून चौकट उपटली की गिलावा निघतो, दगड सुटतात आणि गवंड्याचं काम वाढतं. चौकटीवरची लाकडी फळी वरच्या भिंतीचा भार पेलत असते. टेकू दिल्याशिवाय तिथे हात लावू देऊ नका. मुंबईत इमारत वारसा यादीत असेल तर बाहेरून दिसणारी खिडकी बदलण्याआधी महापालिकेकडे चौकशी करा.

३. माप घ्या

रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा. उंची दोन्ही कडांना आणि मध्ये मोजा. सर्वांत लहान माप धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, आणि जुन्या घरात ती बहुधा नसतेच. अशा वेळी झडप थोडी मोठी करून जागेवर रंधून बसवावी लागते. दुकानातली तयार झडप तिथे चालत नाही.

४. लाकूड पारखा

सागाला पर्याय नाही असं नाही, पण पावसाचा मारा असलेल्या बाजूला मी सागच घेईन. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, बल्लारपूर-आलापल्लीचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून तोच गेला. बजेट कमी असेल तर आफ्रिकेतल्या लागवडीचा साग मिळतो. तो कोवळ्या झाडांचा असू शकतो, म्हणून पारखून घ्या. चौकटीसाठी मलेशियन साल स्वस्त पडतो, तो आतल्या किंवा छज्जाखालच्या खिडकीला ठीक. कोकणात फणस पूर्वापार वापरतात. घरचा फणस पडला असेल तर इंचभर जाडीच्या फळ्या चिरून, मधे काठ्या घालून, सावलीत वर्षभर वाळू द्या.

कुठलंही लाकूड घेताना फळीचं कापलेलं तोंड पाहा. सालीलगतचा फिकट, पांढुरका भाग किती आहे ते मोजा. सागाची वाळवीला न जुमानण्याची ताकद आतल्या तपकिरी गाभ्यात असते, त्या पांढऱ्या भागात ती नसते. पॉलिश किंवा रंग लावल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून नवं लाकूड रंग लावलेलं कधीच घेऊ नका. ओलावा मोजायचं छोटं यंत्र सुताराकडे असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा.

५. जुनं सागवान शोधा

वाडे आणि चाळी पाडल्या जातात तेव्हा दारं-खिडक्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे येतात. मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार यासाठी पालथा घालण्यासारखा आहे. हे लाकूड केव्हाच वाळून स्थिरावलेलं असतं, पुढे वाकत नाही.

तयार जुनी झडप घ्यायची तर मापापेक्षा किंचित मोठी घ्या. मात्र कडेने फार कापता येत नाही, कारण कुसू (पट्टीच्या टोकाची जीभ) आणि खाचेचा सांधा उघडा पडतो. आत खिळे राहिलेत का, हे चुंबक फिरवून पाहा. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी मारून ओलाच खरवडा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा.

गोव्याकडच्या घरात शिंपल्यांची तावदानं असतील तर एकही शिंपला टाकू नका. तो जिवंत शिंपला आता कायद्याने संरक्षित आहे. फुटक्या खिडक्यांतले साबूत शिंपले जमवून एक अख्खी खिडकी उभी करता येते.

६. काच आणि बिजागऱ्या

जुनी काच साबूत असेल तर तीच परत बसवा. भोवती खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली लांबी, म्हणजे पुट्टी भरा. बिजागऱ्या पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या आणि स्क्रूही त्याच धातूचे. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावले तर खाऱ्या हवेत आधी तेच गंजतात. ४ फुटांहून उंच झडपेला तीन बिजागऱ्या हव्यात.

७. बसवणं

काम जानेवारी ते एप्रिलमध्ये उरका. झडप बसवण्याआधी तिच्या सगळ्या बाजूंना प्रायमर किंवा जवसाचं तेल लागलंच पाहिजे. खालची कड रंगारी हमखास सोडतो आणि सडणं तिथूनच सुरू होतं, म्हणून ती स्वतः हात फिरवून तपासा. खालच्या पट्टीच्या पोटाला लांबीभर एक बारीक खाच मारून घ्या. ओघळणारं पाणी तिथे तुटून बाहेर ठिबकतं. चारी बाजूंना २ ते ३ मिलिमीटर फट ठेवा.

जुलैत झडप थोडी अडकली तर लगेच रंधा मारू नका. तेव्हा रंधलेली झडप हिवाळ्यात सैल होते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा पाहा. तेव्हाही घासत असेल तर चौकटीला खडू लावून झडप मिटा, जिथे खडू उमटेल तेवढंच रंधा आणि उघडं पडलेलं लाकूड त्याच दिवशी रंगवून टाका.