कालवड वय पाहून नको, वजन पाहून भरवा

संकरित होल्स्टिन कालवड साधारण २७० किलोची झाली की भरवण्याजोगी, म्हणजे गाभण करण्याजोगी होते. जन्मतः ३० किलोचं वासरू रोज ५०० ग्रॅम वाढलं तर हे वजन १६ महिन्यांत गाठतं. ३०० ग्रॅमच वाढलं तर २६ महिने लागतात, आणि मधल्या दहा महिन्यांचा चारा-खुराक अंगावर पडतो.

सुरुवात चिकापासून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या घट्ट दुधापासून. ‘वार (जार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही’ ही रीत अजून बऱ्याच गोठ्यांत आहे; ती सोडा. रोगाशी लढणारे घटक वासराला चिकातूनच मिळतात आणि ते शोषण्याची आतड्यांची ताकद तासागणिक कमी होत जाते. पहिल्या तासातच दोन लिटर पोटात गेला पाहिजे, दिवसभरात वजनाचा दहावा हिस्सा. नाळ अंगापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून त्याखाली कापा आणि टिंक्चर आयोडीन लावा.

पहिला महिना दूधही वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकंच, दोन वेळांत विभागून, कोमट. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर (वासरांचा दाणेदार खुराक) आणि स्वच्छ पाणी समोर ठेवा. दाण्यामुळे कोठीपोट (चारा पचवणारं मोठं पोट) लवकर कामाला लागतं. नुसत्या दुधावर ते तसंच राहतं. रोज किलोभर स्टार्टर सलग काही दिवस खाल्लं, की दूध हळूहळू तोडा. जंताचं पहिलं औषध दहाव्या दिवसाच्या सुमारास, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. मात्रा डॉक्टरांकडून वजनानुसार ठरवून घ्या.

चौथ्या महिन्यात लाळ्या-खुरकूतची लस, महिन्याने दुसरा डोस आणि मग दर सहा महिन्यांनी. ब्रुसेलोसिसची (गर्भपात घडवणाऱ्या रोगाची) लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयातच द्यायची. ती जिवंत जंतूंची असते आणि माणसालाही बाधू शकते, त्यामुळे स्वतः टोचण्याचं धाडस नको.

खरी आबाळ सहा महिन्यांनंतर होते. दूध पीत नाही आणि देतही नाही, म्हणून कालवडीच्या वाट्याला दुभत्या गाईंच्या गव्हाणीतली उष्टावळ येते. तिला हिरवा-सुका चारा पोटभर, एक ते दीड किलो खुराक आणि २५-३० ग्रॅम खनिज मिश्रण रोज द्या. दिवसभर दावणीला बांधण्यापेक्षा मुक्त गोठ्यात सोडा. मात्र पेंड चारून लठ्ठ करू नका, कासेत चरबी साठते आणि पुढे दूध मार खातं.

वाढ नजरेने ओळखू येत नाही. शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ६०, लांबी ५० आली तर वजन २७२ किलोच्या आसपास. दर महिन्याला, सकाळी चारा टाकण्याआधी मोजा आणि भिंतीवर लिहून ठेवा. महिन्यात १५ किलोही वाढली नाही, तर आधी जंत पाहा, मग खुराक.

वजन भरलं की माजावर, म्हणजे गाभण राहण्याच्या काळावर लक्ष ठेवा. तो साधारण २१ दिवसांनी येतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पहिलारू आहे, तेव्हा ज्या वळूची वासरं सुलभ जन्मतात त्याचीच कांडी (कृत्रिम रेतनाची वीर्यमात्रा) मागा.